वळचणीचे पाणी कोठे जाते?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात, तंजावर येथे, बालवर्गाच्या शिक्षकवृंदातर्फे वाचलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून सरस्वती महालातील ग्रंथसंपदेविषयी बोलावे, मोडी दफ्तरांविषयी बोलावे, तंजावरच्या कीर्तनपरंपरेविषयी बोलावे, असा आपल्याकडे संकेत आहे, आणि तो योग्यच आहे. आम्ही मात्र आज गटाराविषयी बोलणार आहोत. मंगल प्रसंगी हा विषय काढल्याबद्दल कोणाच्या कपाळी आठी पडली असेल तर तिचा दोष बालवर्गाच्या मुलांकडे जातो, कारण विषय त्यांनीच निवडला. आम्ही केवळ त्यांचे भालदार-चोपदार म्हणून येथे उभे आहोत.

रविवारच्या वर्गात आम्ही मुलांना बाराखडी, परवचा, स्तोत्रे आणि गोष्टी शिकवतो, हे आपण जाणताच. गेली काही वर्षे पावसाळ्याच्या दिवसांत आम्ही त्यास एका पाठाची जोड दिली आहे. पावसाचे पाणी जमिनीवरून वाहत जाताना काय काय उचलते आणि कोणाच्या दारात नेऊन टाकते, हा तो पाठ. त्याचे कारण साधे आहे. शाळेच्या पुस्तकात जलचक्राचे सुरेख चित्र असते. समुद्र, वाफ, ढग, डोंगर, नदी आणि पुन्हा समुद्र, सगळे बाणांनी जोडलेले. परंतु त्या चित्रात रस्ता नसतो, गोठा नसतो, खताचे पोते नसते, माणूसही नसतो. पुढे दहा-वीस पाने उलटली की प्रदूषणाचा धडा येतो, आणि तेथे एक कारखाना एका नळीतून काळे पाणी नदीत सोडताना दाखवलेला असतो. मुलाच्या मनात सरळ हिशेब बसतो, की पाऊस स्वच्छ, नदी स्वच्छ आणि घाण तेवढी त्या नळीची. नळी बंद केली की काम झाले! वस्तुतः ज्या घाणीला नळीच नाही, जी हजार उंबरठ्यांवरून चिमूटचिमूट गोळा होते, ती दोन्ही चित्रांच्या मधल्या पानांत हरवून जाते.

पाठाचा आरंभ आम्ही म्हणीपासून करतो. ‘वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही’ ही म्हण आपल्या आज्यांनी व्यवहारातील उलट्या अपेक्षांसाठी वापरली. आम्ही मुलांना तिचा अक्षरशः अर्थ विचारतो, आणि तेथेच पहिली अडचण उभी राहते. आढे म्हणजे काय हे येथल्या सिमेंटच्या गच्चीखाली वाढलेल्या मुलास ठाऊक नसते. मग एखादे जुने कौलारू घर दाखवावे लागते. छपराचा सर्वांत उंच कणा ते आढे, आणि खाली भिंतीबाहेर आलेली कड ती वळचण. आढ्यावर पडलेल्या दोन थेंबांपैकी एक रस्त्याच्या बाजूला घरंगळतो, दुसरा परसदाराकडे, आणि त्या दोघांची पुन्हा गाठ पडेलच असे नाही. हे समजले की पाणलोट समजला. जमिनीलाही आढी असतात. आढ्याच्या एका अंगाला पडलेले सारे पाणी ज्या एका वाटेने खाली उतरते, तो सगळा मुलूख म्हणजे त्या वाटेचा पाणलोट. महाराष्ट्रात पाणी अडवण्याची कामे करणारी मंडळी ‘माथा ते पायथा’ असा शब्दप्रयोग करतात, तो याच अर्थाने. कामाचा आरंभ माथ्यावर करावयाचा, कारण पायथ्याशी जे येते ते वरूनच येते.

म्हणीनंतर परात. पितळेच्या मोठ्या परातीत ओल्या वाळूचा डोंगर रचून, त्यात बोटाने एक नदी कोरून, वरून जुने मेणकापड अंथरावे. आगपेट्यांची घरे मांडावीत. परातीच्या खालच्या काठाशी थोडे स्वच्छ पाणी ठेवावे, तो समुद्र. मग प्रत्येक मुलाच्या हाती एक वाटी द्यावी. हळद हे शेतातले खत. कॉफीची भुकटी हे उघड्यावरचे शेण आणि मैला. चुलीतली राख ही नांगरलेल्या शेताची माती. तिळाच्या तेलाचे दोन थेंब हे मोटारसायकलीतून गळलेले तेल. चुरगळलेल्या कागदाचे कपटे ही बाजारातली प्लॅस्टिकची पिशवी. रंगासाठी आम्ही प्रथम कुंकू घेतले होते. त्यावर एका आजींनी हरकत घेतली, की सौभाग्याच्या कुंकवाला घाणीचे सोंग कशाला? त्यांचे म्हणणे आम्हांस पटले आणि तेव्हापासून कोलमच्या कडेला लावतात ती काव आम्ही वापरतो. रंगही अधिक चांगला उतरतो.

प्रत्येकाने आपल्या जागी चिमूटभरच टाकावयाचे, असा नियम आहे. चिमटी पाहून मुले हसतात. एवढ्याशा हळदीने काय होणार? मग झारीने पाऊस पाडावा. पाणी मेणकापडावरून धावते, हळदीला कॉफी मिळते, कॉफीला राख, आणि मुले पाहत असता खालच्या समुद्राचा रंग गढूळ तपकिरी होतो. या क्षणी शिक्षकाने काहीही बोलू नये. वर्ग आपोआप शांत होतो. मग एकच प्रश्न विचारावा: “ही घाण कोणाची?” पहिली काही मिनिटे मुले एकमेकांकडे बोटे दाखवतात. हळदवाला कॉफीवाल्याकडे, कॉफीवाला काववाल्याकडे. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणते, “आता वेगळी काढताच येणार नाही.” तेथपर्यंत मुलांनी स्वतःच्या पायांनी यावे. आपण ओढून नेले तर पाठ वाया जातो.

पुष्कळ पुस्तके हा प्रयोग येथेच संपवतात, किंवा नदीच्या काठाला गवताची पट्टी लावून सगळे पुन्हा स्वच्छ झाल्याचे दाखवतात. त्याविषयी आमचे मत निराळे आहे. आम्हीही दुसऱ्या फेरीत काठाला नारळाच्या काथ्याची जाड पट्टी लावतो, कारण तंजावरात काथ्याला तोटा नाही. पाऊस पाडला की पाणी पट्टीशी थबकते, राख अडते, कागद अडतात, कॉफीचा बराचसा गाळ अडतो. मुले टाळ्या वाजवतात. पण खाली पाहिले तर समुद्र पिवळा झालेलाच असतो. हळदीचा पाण्यात मिसळलेला रंग काथ्यातून आरपार जातो. खऱ्या शेतातही असेच घडते. काठावरची झाडी व गवत माती आणि तिला चिकटलेले द्रव्य पुष्कळ अंशी रोखतात. पाण्यात पुरते विरघळलेले नत्र मात्र सहजासहजी हाती लागत नाही. त्यास एकच उपाय, वरच हात आखडता घेणे. मुलांना अर्धे सत्य सांगून खूश करण्यापेक्षा पिवळा समुद्र दाखवलेला बरा. पुढे कोणी त्यांना एकाच उपायात सगळे दुखणे बरे करून देतो म्हणाला, तर त्यांना तो पिवळा रंग आठवावा, एवढीच आमची इच्छा.

परातीनंतर वर्ग बाहेर पडतो. आपल्याकडे मोठा पाऊस ऐप्पसी-कार्तिकात, म्हणजे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, ईशान्येकडून येतो. महाराष्ट्रातील भावंडांशी फोनवर बोलताना मुलांना याचे नवल वाटते, की तिकडचा पाऊस संपतो तेव्हा इकडचा सुरू होतो. या पावसाच्या पहिल्या सरीत मुले काचेच्या बाटल्या घेऊन ओसरीत उभी राहतात. रस्त्याकडेच्या गटारातले पाणी पहिल्या पाच मिनिटांत एका बाटलीत, पाऊण तासाने दुसऱ्या बाटलीत, आणि पाऊस थांबता थांबता तिसऱ्या बाटलीत, असे शिक्षकांच्या देखरेखीखाली भरावयाचे. पहिली बाटली काळी, वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग. तिसरी जवळजवळ निवळ. कित्येक महिन्यांची धूळ, तेल, शेण आणि कचरा पहिलीच सर धुऊन नेते. पहिल्या पावसाचे पाणी पिण्यास साठवू नये, असे आपले पूर्वज सांगत, त्याचे मर्म या बाटलीत आहे. तमिळनाडूने २००३ साली घरोघरी पाऊसपाणी साठवण्याची सक्ती केली. नीट बांधलेल्या योजनेत पहिली सर बाहेर सोडून देण्याची सोय असते, ती याच कारणाने.

आता तंजावरचीच गोष्ट. हे शहर वसवणाऱ्यांना आमच्या परातीची गरज नव्हती. सोळाव्या शतकात सेवप्पा नायकाने कोटाच्या पश्चिमेस तलाव बांधला, तो सेवप्पनेरी. पावसाचे पाणी प्रथम तेथे जमावयाचे आणि स्थिर व्हावयाचे. गाळ तळाशी बसला की वरचे निवळ पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून, केवळ उताराच्या बळावर, बृहदीश्वराशेजारच्या शिवगंगा तलावात यावयाचे, आणि तेथून शहरातील तळी व विहिरींकडे. पंप नाही, वीज नाही. गाळ शहरात येऊ द्यावयाचा नाही, त्याला वेशीबाहेरच बसवावयाचे, हा त्यातला विचार. मराठे राजे आले तेव्हा ही व्यवस्था तयार होती आणि त्यांनी ती चालवली. आज सेवप्पनेरी वस्तीने वेढलेला आहे. पश्चिम राजवीथीजवळच्या अय्यनकुळम तळ्याचे अलीकडे स्मार्ट सिटी योजनेत नूतनीकरण झाले, त्या वेळी शिवगंगेकडून येणारी जुनी भूमिगत वाट पुन्हा मोकळी करण्यात आली. मुलांना आम्ही ते तळे मुद्दाम दाखवतो. उताराचा कागदावरचा धडा आणि पायाखालून खरोखर वाहत गेलेला उतार यांत फार अंतर आहे.

तरीही तंजावरात हा पाठ शिकवणे महाराष्ट्रापेक्षा अवघड आहे, हे सांगितले पाहिजे. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या मुलाला खिडकीतून माथा दिसतो आणि पायथाही दिसतो. तेथे ओहोळ ओढ्याला मिळतो, ओढा नदीला, नदी मोठ्या नदीला, जणू डहाळ्या फांदीला आणि फांद्या खोडाला मिळाव्यात. आपला मुलूख त्रिभुज प्रदेशाचा, तळहातासारखा सपाट. येथे नद्या एकत्र येत नाहीत, त्या फुटतात. मुक्कोंबूपाशी कोळ्ळिडम वेगळी होते. पुढे करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्लणैवर कावेरी, वेण्णार आणि कालवा यांची वाटणी होते. पुढे वेण्णारातून वडवार निघते, तिच्यापासून पाट, पाटांपासून चाऱ्या, आणि शेवटी एकेका शेताच्या बांधाला पाडलेले वीतभर तोंड. हे झाड उलटे आहे. खोड वर आणि मुळे समुद्राकडे पसरलेली. खोडात जे विष गेले ते मुळाच्या प्रत्येक तंतूत वाटले जाणार, हे मुलांना नकाशावर बोट फिरवताच कळते.

त्यातही एक खुबी आहे. आपल्याकडे एका शेतातून बाहेर पडलेले पाणी बहुधा दुसऱ्या शेताचे येणारे पाणी असते. सिंचनाचा पाट आणि निचऱ्याचा पाट पुष्कळ ठिकाणी एकच. वरच्याने कुरुवैच्या पिकाला घातलेला युरिया, मारलेले औषध, धुतलेली फवारणीची टाकी, यांतील उरलेसुरले खालच्याच्या वाफ्यात उतरते, त्याच्याकडून आणखी खालच्याकडे. अगदी टोकाच्या गावांना तमिळमध्ये ‘कडैमडै’ म्हणतात, म्हणजे शेवटचे दार. नागपट्टिणम आणि वेदारण्यम भागांतल्या अशा गावांची तक्रार पाणी पोहोचत नाही ही असते, आणि पोहोचते तेव्हा ते सगळ्यांनी वापरून सोडलेले असते. मुलांपैकी काहींचे आजोळ तिकडे आहे. नकाशावर आजोळ सापडले की पाठाला निराळेच वजन येते.

आणि वरून काय येते? येथे आम्ही मुलांना बंगळूरला नेतो, अर्थात नकाशावर. शहाजीराजांची जहागीर ती. एकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले, तेही बंगळूरहूनच आलेले. ते शहर जमिनीच्या एका आढ्यावर वसले आहे. पूर्वेच्या उतारावरचे पाणी दक्षिण पिनाकिनीकडे जाते. पश्चिमेचे पाणी वृषभावती नावाच्या ओढ्यातून अर्कावतीला आणि अर्कावतीतून कावेरीला येते. बसवनगुडीतील मोठ्या नंदीच्या पायाशी वृषभावतीचा उगम, अशी श्रद्धा आहे. आज ती बहुतांशी शहराचे सांडपाणी वाहते. मुलांनी यावर काढलेले चित्र बाहेर ओसरीत लावले आहे. एका टोकाला बसवनगुडीचा नंदी, दुसऱ्या टोकाला आपल्या बृहदीश्वरासमोरचा नंदी, मध्ये मेट्टूरचे १९३४ सालचे धरण. पूर्वजांच्या वाटेनेच सांडपाणीही आपल्याकडे आले, असे एका मुलाने खाली लिहिले आहे. आम्ही ते खोडले नाही.

नळीच्या प्रदूषणाचे उदाहरणही हवेच, नाहीतर मुले दुसऱ्या टोकाला जातात आणि सगळे सारखेच दोषी मानू लागतात. त्यासाठी नोय्यल नदी आहे. वेळ्ळियंगिरीच्या डोंगरात उगम पावून, कोइमतूर आणि तिरुप्पूर ओलांडून ती कावेरीला मिळते. तिरुप्पूरच्या रंगकामाचे खारट, रंगीत पाणी तिच्यात इतके उतरले, की शेतीसाठी बांधलेले व १९९२ साली सुरू झालेले ओरत्तुपाळयमचे धरण सांडपाण्याचे तळे होऊन बसले. धरण झाले म्हणून शेतकऱ्यांनी आनंद मानावयाचा, तेथे धरणातले पाणी सोडू नका म्हणून त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. अखेरीस २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने, सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था होईपर्यंत, तेथील रंगशाळा बंद ठेवण्याचा आदेश दिला. हजारो हातांचे काम थांबले. मुलांना आम्ही हेही सांगतो, की त्या रंगशाळांत काम करणारेही कोणाचे आईबाप होते. नळीला तोंड असते म्हणून न्यायालयाला ते बंद करण्याचा हुकूम काढता येतो. चिमटीवर हुकूम काढता येत नाही.

इकडच्या मुलांना ‘आपल्या देशाची’ म्हणजे महाराष्ट्राची नदी विचारली तर पुष्कळांच्या तोंडी चंद्रभागा येते. घरात विठोबाची तसबीर असते, अभंग असतात. म्हणून भीमेचा नकाशा आम्ही कावेरीच्या शेजारी लावतो. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमा उजनीच्या जलाशयात येते, जो १९८० पासून उभा आहे आणि ज्याचे पाणी सोलापूर पिते. उजनीखाली तीच नदी पंढरपूरच्या वाळवंटात चंद्रभागा होते. पुण्याच्या नाल्यांतून आणि वाटेतल्या उसाच्या मळ्यांतून जे खाली उतरते, त्यातील पोषणावर उजनीचे पाणी हिरवे होते आणि जलपर्णी माजते. विठ्ठलाच्या पायाशी जाणारे पाणी कोणाच्या दारावरून येते, हा प्रश्न मुलांना भूगोलाचा वाटत नाही. एका मुलीने विचारले, “मग वारकरी कोणत्या पाण्याने आंघोळ करतात?” या प्रश्नाला आमच्याजवळ नकाशाखेरीज उत्तर नव्हते. ही गोष्ट एका देशाची नव्हे. अमेरिकेत मिसिसिपी नदी अर्ध्या देशाच्या शेतांतले खत मेक्सिकोच्या आखातात नेते आणि तेथे दर उन्हाळ्यात समुद्राचा फार मोठा पट्टा प्राणवायूवाचून निर्जीव होतो. शेवाळ माजते, मरते, कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. उजनीचेही शास्त्र हेच.

हा पाठ मराठीत कशाला, असे काही पालकांनी विचारले. शाळेत तो इंग्रजीत येईल, रस्त्यावर तमिळमध्ये लागेल, मग मराठीचे ओझे का? प्रश्न रास्त आहे. त्यास आमचे उत्तर शरफोजी महाराजांनी दोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचले, त्यात जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितला. कुरवंजी हा तमिळ मातीतला नाट्यप्रकार. डोंगरात राहणारी फिरस्ती भविष्य सांगणारी स्त्री आपल्या मुलखातले डोंगर आणि नद्या गाऊन वर्णिते, हा त्याचा रिवाज. महाराजांनी साचा तमिळ घेतला, भाषा मराठी ठेवली आणि त्यात युरोपातून आलेला नवा भूगोल भरला. तीन वाटांचे पाणी एका तळ्यात आणले म्हणावयाचे! आमची मुले पागोळी, वळचण, ओहोळ, पाणलोट हे शब्द शिकतात, त्यांच्याच शेजारी एरी, कुळम, वाय्क्काल, कडैमडै शिकतात. कुडिमरामत्तु हा शब्दही शिकतात, म्हणजे गावाने मिळून आपले तळे आणि आपला पाट साफ करण्याची येथील जुनी रीत. शब्द आला की वस्तू डोळ्यांना दिसू लागते. ज्याला ‘वळचण’ ठाऊक नाही तो तिच्याखाली उभा राहूनही भिजण्यापलीकडे काही पाहत नाही.

आता मुलांनी आम्हांस ज्यासाठी येथे पाठवले, त्या मुद्द्याकडे येतो.

सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून मंडळाच्या वास्तूपुढील अंगणास फरशी बसवावी आणि स्वयंपाकघरामागील केळीचा वाफा काढून तेथे सिमेंटचा चौथरा करावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. एका उदार सभासदांनी त्यासाठी देणगीही देऊ केली आहे. पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, वयस्कर मंडळींचे पाय घसरतात, हळदीकुंकवाच्या दिवशी साड्यांचे काठ माखतात. हे सर्व खरे आहे आणि देणगीदारांच्या हेतूविषयी आमच्या मनात आदरच आहे.

परंतु बालवर्गाने गेल्या पावसाळ्यात या अंगणाचा हिशेब केला. उभ्या कडांचा एक रिकामा डबा अंगणाच्या मध्यावर ठेवून, दर पावसानंतर पट्टीने त्यातले पाणी मोजावयाचे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे गणित चौथीच्या मुलासही जमते. आपले अंगण सुमारे ३०० चौरस मीटर भरते. एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे तो होतो, तर या अंगणावर १५,००० लिटर पाणी पडते. सरावासाठी मुलांनी बृहदीश्वराच्या प्राकाराचेही गणित केले. सुमारे २४० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद, त्याच पावसात १४ लाख ४० हजार लिटर. त्यापुढे आपले अंगण लहान, हे खरे. पण परातीतली चिमूटही लहानच होती.

मग मुलांनी तळ काढलेला एक डबा ठिकठिकाणी जमिनीत रोवून त्यात लिटरभर पाणी ओतले. केळीच्या वाफ्यात ते बघता बघता जिरले. अंगणाच्या तुडवलेल्या मातीत बराच वेळ लागला, पण जिरले. ओसरीसमोरच्या आधीच सिमेंट केलेल्या पट्ट्यावर डबा रोवताच येईना, तेव्हा पाणी नुसते ओतले. ते सरळ फाटकाकडे धावले, जाताना चपलांची धूळ आणि वाहनतळावरचे तेल घेऊन. मुले त्याच्या मागोमाग गेली. फाटकातून रस्त्याकडेच्या गटारात, गटारातून कोपऱ्यावरच्या मोठ्या नाल्यात, आणि नाला वडवारकडे. नाल्यापाशी आम्ही त्यांना थांबवले, कारण पुढे रहदारी होती. सहभोजनाच्या दिवशी भांडी घासलेले पाणी मात्र त्या वाटेने जात नाही, असे त्यांना आढळले. ते मागे केळींना जाते. कोणा जुन्या कार्यकर्त्याने पन्नास वर्षांत कधीतरी ती चारी काढून ठेवली असावी. आपण पंगतीला ज्या पानांवर जेवतो त्यांतली काही त्याच वाफ्यातली असतात.

म्हणून मुलांची कार्यकारिणीस विनंती अशी आहे. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत चालण्याच्या वाटेपुरती फरशी जरूर घालावी, आणि ती घसरणार नाही अशी खडबडीत असावी. उरलेले अंगण मातीचे ठेवावे, त्यावर वाळू आणि बारीक खडी पसरावी, म्हणजे चिखलही होणार नाही. गच्चीच्या पन्हाळीचे पाणी फाटकाकडे न सोडता आडाच्या बाजूस शोषखड्ड्यात वळवावे. वाहने उभी राहतात ती जागा वाफ्यापासून दूर न्यावी. केळीचा वाफा तेवढा राहू द्यावा. भांडी घासण्यास शक्यतो राख अथवा शिकेकाईची भुकटी वापरावी, असे एक कलम मुलींनी घातले आहे. त्यावर स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींचे मत अद्याप आलेले नाही आणि ते आल्यावाचून आम्ही ते कलम पुढे रेटणार नाही.

देणगीदारांचे नाव कोरण्याचा प्रश्न राहतो. फरशी कमी झाली तर नाव कोठे कोरावयाचे? मुलांनी सुचवले, की शोषखड्ड्यावरच्या दगडी झाकणावर कोरावे, म्हणजे दर पावसाळ्यात मोजणी करताना ते वाचले जाईल. आम्ही हे स्वतः त्या सभासदांच्या कानावर घातले. ते हसले आणि झाकण किती मोठे असेल, असे त्यांनी विचारले.

कार्यकारिणीची बैठक पुढील रविवारी आहे. मोजणीची वही, अंगणाचा उतार दाखवणारा नकाशा आणि पहिल्या पावसाच्या तीन बाटल्या बाहेर ओसरीतल्या मेजावर मांडल्या आहेत. चहापानाच्या वेळी त्या अवश्य पाहाव्यात. बाटल्या मात्र कोणी हलवू नयेत, गाळ खाली बसला आहे.